फोटो थोरांचा, वाक्य आपल्या सोयीचं

सकाळी सहा ते नऊ हा आपल्याकडे सुविचारांचा टाइम. उगवता सूर्य, वाफाळता चहा, कोपऱ्यात कुणाचा तरी फोटो आणि मधे एक वाक्य. नात्यांवरचं असेल तर खाली व. पु. काळे. स्वप्नांवरचं असेल तर अब्दुल कलाम. पैशांवरचं असेल तर रतन टाटा. कष्टांवरचं असेल तर विश्वास नांगरे पाटील. कडक असेल तर नाना पाटेकर. कोण काय बोललं ते आता त्या माणसावरून ठरत नाही, वाक्याच्या विषयावरून ठरतं!

हसून सोडून देता आलं असतं. पण आपल्याकडे आता वाचन म्हणजे हेच उरलंय. ज्या घरात वर्षभरात एक पुस्तक येत नाही, त्या घरात दिवसाला वीस सुविचार येतात. पोरं त्यावर वाढतायत. म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

आधी खोट्याचं बघू. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या ऐन काळात, रतन टाटांच्या नावाने एक लांबलचक धीर देणारा मेसेज फिरत होता. शेवटी त्यांनाच जाहीर सांगावं लागलं की हे मी बोललो नाही आणि लिहिलंही नाही. पुढच्याच वर्षी दारू आणि आधार कार्डावरचं एक वाक्य त्यांच्या नावावर खपवलं गेलं, तेही त्यांनी नाकारलं. माणूस जिवंत होता म्हणून नाकारू शकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. आता कोण नाकारणार? स्टीव्ह जॉब्स २०११ मध्ये गेला. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी 'मरणशय्येवरचं मनोगत' म्हणून पैशाच्या व्यर्थतेवरचा एक निबंध जगभर पसरला आणि मराठीतही आला. तो त्याचा नाहीच. त्याच्या बहिणीने श्रद्धांजलीच्या भाषणात त्याचे शेवटचे उद्गार सांगितले होते, ते फक्त आश्चर्याचे होते, तीनदा उच्चारलेले. त्यात उपदेश नव्हता. पण उपदेश नसलेलं मरण फॉरवर्ड होत नाही ना!

तरी माझं खरं भांडण खोट्या वाक्यांशी नाही, खऱ्या माणसांची आपण जी काटछाट करतो तिच्याशी आहे.

वॉरन बफे घ्या. १९५८ साली साडेएकतीस हजार डॉलरला घेतलेल्या घरात हा माणूस अजून राहतो, ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ. बचत करा, साधे राहा, खर्च आवरा. बरोबर आहे. पण याच बफेंनी ऑगस्ट २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितलं की माझ्या करपात्र उत्पन्नावर मी १७.४ टक्के कर भरला आणि माझ्या ऑफिसातल्या बाकी वीस जणांनी सरासरी ३६ टक्के. म्हणजे मालकाचा दर नोकरांच्या निम्म्याहून कमी! अतिश्रीमंतांचे लाड बंद करा, त्यांच्यावर कर वाढवा, असं त्यांनी सरळ लिहिलं. हे कधी सकाळच्या फोटोवर आलंय तुमच्याकडे? माझ्याकडे तर नाही आलं. 'खर्च कमी कर' हे पगारदाराला सांगायचं असतं. 'माझ्यावर कर वाढवा' हे श्रीमंत स्वतःबद्दल बोलला, तर ते गाळायचं असतं.

आता आपल्या घरात या.

जोतीराव फुल्यांच्या विद्येवरच्या त्या ओळी शाळेच्या भिंतीवर असतात, गॅदरिंगच्या पत्रिकेवर असतात. त्या 'शेतकऱ्याचा असूड'मधल्या आहेत, १८८३ चं पुस्तक. ते पुस्तक कशावर आहे? शेतकऱ्यावरचा सारा, कर्ज, त्याला नाडणारे कामगार आणि पुरोहित, यावर. आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्यांच्या पोरांवर होतो. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. हा हिशेब होता, सुविचार नव्हता. आज कमी पटाच्या झेडपी शाळा बंद करायच्या गोष्टी होतात, तेव्हा त्याच शाळेच्या भिंतीवर जोतीरावांच्या ओळी असतात. ओळी राहतील, शाळा राहील का?

अजून एक. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. विरोधात मत टाकणारे जोतीराव एकटे. हा पैसा शिक्षणाला लावा, हे त्यांचं म्हणणं. आता ११ एप्रिलला आपल्या गावात फिरून बघा. जोतीरावांच्याच जयंतीला किती कमानी, किती फ्लेक्स आणि प्रत्येक फ्लेक्सवर जोतीरावांपेक्षा मोठा फोटो कुणाचा!

गाडगेबाबांचं तर विचारूच नका. ज्या माणसाने गावात पाय ठेवला की आधी खराटा हातात घेतला आणि रात्री कीर्तनात प्रश्न विचारून विचारून लोकांना निरुत्तर केलं, त्याला आपण 'स्वच्छता राखा'च्या पाटीवर बसवून टाकलं. त्यांनी पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या पोराला शिक्षण, हे ते सांगत राहिले. नवस नको, देवापुढे बकरं नको, कर्ज काढून लग्न नको, हेही तितकंच ठणकावून सांगत राहिले. पाटीवर यातलं काय आलं? फक्त झाडू. आणि झाडू प्रत्यक्षात हातात असलेल्याची अवस्था काय? हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी सेप्टिक टाकीत गुदमरून माणसं मरतायत. २३ फेब्रुवारीला खराटा घेऊन फोटो काढणाऱ्या पुढाऱ्याने एकदा तरी विचारावं की आपल्या ठेकेदाराच्या सफाई कामगाराला हातमोजे मिळतात का आणि पगार वेळेवर होतो का.

बाबासाहेबांच्या नावावर वाघिणीच्या दुधाचं वाक्य सगळीकडे. २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण कुठेच नाही. तिथे त्यांनी बजावलं होतं की राजकारणातली व्यक्तिपूजा देशाला हुकूमशाहीकडे नेते. आणि राजकारणात एक मत एक मूल्य पण समाजात आणि अर्थकारणात विषमता, ही विसंगती फार काळ चालू ठेवली तर लोकशाहीच उडून जाईल. हे वाक्य फोटोवर टाकायचं तर फोटोखाली आपल्या साहेबांचं नाव कसं टाकणार? अडचणच की!

आता नीट बघा, या काटछाटीत एक शिस्त आहे. जे वाक्य खालच्याला 'तू बदल' म्हणतं ते राहतं. जे वरच्याला 'तू हिशेब दे' म्हणतं ते गळतं.

याचा सगळ्यात वाईट नमुना म्हणजे बिल गेट्सच्या नावावर फिरणारं ते वाक्य. गरीब जन्मलात तर चूक तुमची नाही, गरीब मेलात तर तुमची. कधी आणि कुठे बोलले, ते त्या फोटोवर कधीच नसतं. गेट्सचे वडील नामांकित वकील. १९६८ मध्ये, जगात भल्याभल्या कॉलेजांत कॉम्प्युटर नव्हता तेव्हा, यांच्या खाजगी शाळेत त्याचं टर्मिनल होतं. हुशारी त्यांची, मेहनत त्यांची, नाकारतंय कोण? पण तेच वाक्य सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत, पाचव्यांदा एमपीएससी देणाऱ्या पोराच्या उशाशी चिकटवलेलं असतं. बाप कोरडवाहू शेतकरी. जाहिरात वेळेवर निघत नाही, परीक्षा पुढे ढकलली जाते, निकाल लागला तरी नियुक्ती रखडते. आणि भिंत त्याला रोज सांगते, चूक तुझी. त्या पोराने स्वतःला दोष देत झोपायचं आणि ज्यांच्याकडे खुर्ची आहे त्यांनी सकाळी सुविचार पाठवायचा. व्वा!

कुणी म्हणेल, "अहो, चांगलं वाक्य आहे, दोन घटका उभारी येते, तुमच्या पोटात का दुखतं?" उभारीला माझी ना नाही. खचलेल्या माणसाला एका वाक्याने दिवस काढता येतो, हे खरंच आहे. पण उभारी वेगळी आणि भूल वेगळी. उभारीने माणूस उठून प्रश्न विचारतो. भुलीने त्याला प्रश्नच पडत नाही. आणि थोरांची नावं भूल द्यायला वापरणं हा त्यांचा अपमान आहे, जयंतीला कितीही हार घातले तरी.

म्हणून एवढंच करा. पुढचा फोटो आला की पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. हे कुठे म्हटलंय? कुणाला उद्देशून म्हटलंय? आणि याच माणसाने आपल्याला न आवडणारं काय म्हटलंय? तिसऱ्याचं उत्तर शोधायला पुस्तक उघडावं लागतं. ग्रंथालयात धूळ खात पडलंय, वर्गणी एका रिचार्जपेक्षा कमी आहे.

आणि ज्यांच्या नावाने गावात चौक आहे, त्यांची मागणी काय होती ते शोधून इथे खाली लिहा. सुविचार नको. मागणी लिहा. ती आपल्या गावात पूर्ण झाली की नाही, तेही लिहा. बघू किती चौक भरतात.