विश्लेषण : आयपी पत्त्यावरून माणूस खरेच सापडतो का?

‘ऑर्कुट’वर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या आरोपावरून २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बेंगळूरुच्या एका आयटी कर्मचाऱ्याला अटक केली. धागा होता आयपी पत्त्याचा. तो ५० दिवस तुरुंगात राहिला. नंतर स्पष्ट झाले, की दूरसंचार कंपनीने पोलिसांना भलत्याच ग्राहकाचा तपशील दिला होता. अशी गल्लत का होऊ शकते?

पत्ता नेमका कोणाचा?

आयपी पत्ता माणसाचा नसतो आणि काटेकोरपणे पाहिले तर यंत्राचाही नसतो. तो यंत्राच्या ‘नेटवर्क इंटरफेस’चा, म्हणजे नेटवर्कला जोडणाऱ्या दाराचा असतो. अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. त्यात वायफायचे एक दार, मोबाइल डेटाचे दुसरे आणि फोनला स्वतःशीच बोलण्यासाठी ‘लूपबॅक’ हे तिसरे. लूपबॅकचा पत्ता सगळीकडे एकच, १२७.०.०.१. वायफाय बंद करून मोबाइल डेटा सुरू केला, की जगाला दिसणारा पत्ता बदलतो. फोन आणि माणूस मात्र तेच.

तो कोण ठरवतो?

१९८३ च्या बीएसडी युनिक्समध्ये त्यासाठी ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा आली. लिनक्सवर आता तिची जागा ‘आयपी’ या आज्ञेने घेतली आहे. प्रशासक एका ओळीत इंटरफेसला पत्ता देतो, बदलतो किंवा काढून टाकतो. एकाच इंटरफेसला अनेक पत्तेही देता येतात. मात्र असा पत्ता यंत्र पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही. तो कायम ठेवायचा तर सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावा लागतो. घरच्या वायफायवर हे काम ‘डीएचसीपी’मार्फत आपोआप होते. राउटर फोनला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो. मुदत संपली, की तोच पत्ता दुसऱ्या फोनला मिळू शकतो.

एका पत्त्यामागे किती जण?

जुन्या ‘आयपीव्ही४’ पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. त्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यातला एक ग्राहक ओळखायचा, तर पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळही लागते. ‘आयपीव्ही६’मध्ये पत्त्यांची टंचाई नाही, पण तिथेही गोपनीयतेसाठी फोन तात्पुरते पत्ते वापरतात आणि बदलत राहतात.

वेळ इतकी महत्त्वाची का?

भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरवरची नोंद कोणत्या वेळेनुसार आहे हे पाहिले नाही, तर त्या क्षणी पत्ता वापरणारा दुसराच कोणी निघतो. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना १८० दिवसांच्या नोंदी जपणे आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवणे बंधनकारक केले.

तरीही या नोंदींतून फार तर जोडणी कोणाच्या नावावर आहे, एवढेच कळते. त्या वेळी फोन कोणाच्या हातात होता, हे तपासातूनच सिद्ध करावे लागते. आयपी पत्ता ही तपासाची सुरुवात असते, निष्कर्ष नव्हे.