तटावरचा इतिहास, तटाखालचा समुद्र

सिंधुदुर्ग कोणी बांधला, हे आमच्या तासगावातले चौथीतले पोरही घडाघड सांगेल. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. पण त्याच तटाखाली पाण्यात प्रवाळ आहे आणि तो समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे, हे त्या पोराच्या गुरुजींना विचारून पाहा!

दोष पोराचा नव्हे, गुरुजींचाही नव्हे, पुस्तकांचा आहे. आमचा इतिहासकार बुरूज मोजतो नि पाण्याकडे पाठ फिरवतो. निसर्गलेखक प्रवाळावर लुब्ध होतो नि त्याला किल्ला दिसत नाही. आणि जाळी टाकायची कुठे, म्हणून अभयारण्याला विरोध करणारा गाबीत कोळी दोघांच्याही पुस्तकांतून बहुधा हद्दपार!

कोणी म्हणेल, इतिहास निराळा, प्राणिशास्त्र निराळे, खिचडी कशाला? अहो, किल्ल्याभोवतीच्या ज्या बुडत्या खडकांनी परक्या गलबतांची वाट अडवली, त्याच खडकांवर प्रवाळ वाढले. नि त्या खडकांतून होडी काढण्याची विद्या कोळ्यापाशी आहे. खिचडी समुद्रानेच शिजवली आहे. ताटे आपण वेगळी केली.

मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. रानात राहणाऱ्यांकडून शब्द वेचून त्यांनी अरण्य मराठीत आणले. मालवणच्या समुद्राला असा लेखक हवा. त्याने आधी कोळ्याच्या होडीत बसावे, मग लेखणी उचलावी. नाहीतर आमची पोरे सहलीला जातील, तटावर फोटो काढतील, आणि समुद्र न पाहताच परत येतील.