ओठावरचा बिननावाचा पाहुणा

सोमवारी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन असतं, नाहीतर शनिवारी जिवलग मैत्रिणीचा साखरपुडा. नेमकी त्याच्या आदल्या रात्री ओठाची कड चुरचुरायला लागते. आधी खाज, मग जळजळ आणि सकाळी आरशात बघावं तर पाण्याने टच्च भरलेल्या बारीक फोडांचा घोसच! ऑफिसात पाऊल टाकताच सल्ल्यांची बरसात. ‘उष्णता वाढलीय, सब्जा खा.’ ‘बी-कॉम्प्लेक्स घे.’ ‘रात्री पाल फिरली असेल तोंडावरून.’ ‘टूथपेस्ट थाप, वाळतं.’ एखादा आगाऊ तर डोळा मारून विचारतो, ‘काय, वीकएंड जोरात झाला वाटतं?’

गंमत बघा, अंगावर उठणाऱ्या दुखण्यांना मराठीत कशी ठसठशीत नावं आहेत. देवी, गोवर, कांजिण्या, नागीण. पण ओठावरच्या या फोडांना धड स्वतःचं नाव नाही. कुणी ‘ताप फुटला’ म्हणतं, कुणी ‘ओठ उतला’ म्हणतं, कुणी ‘तोंड आलंय’ म्हणून मोकळं होतं. इंग्रजीतलं ‘कोल्ड सोअर’ही काही खरं नव्हे, कारण हा सर्दीचा व्रण नाही. नाव उसनं, म्हणून औषधही उसनं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

तर आधी ओळख परेड. तोंड येतं तेव्हा व्रण आत असतात, गालाला किंवा जिभेला, पांढरट-पिवळट. ते एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. ओठांचे दोन्ही कोपरे चिरतात, ते बरेचदा बुरशीमुळे, साचणाऱ्या लाळेमुळे किंवा लोह आणि बी जीवनसत्त्वं कमी पडल्यामुळे. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूने, सहसा अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी. आपला पाहुणा मात्र बाहेर, ओठाच्या कडेवर आणि बहुतेक वेळा त्याच त्या ठरलेल्या जागी येतो. त्याच्या मागे असतो हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, बहुधा टाइप १. नागिणीचा विषाणू याच्याच कुळातला, पण भाऊबंद वेगळा.

‘हर्पिस’ म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. जरा थांबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांच्या शरीरात टाइप १ आहे. म्हणजे दर तिघांत जवळपास दोघे. बहुतेकांना तो मिळतो लहानपणीच, आजी-मावश्यांच्या पाप्यांतून, शेजाऱ्यांच्या लाडातून. पुष्कळांना आयुष्यभर एकही फोड येत नाही. तेव्हा ओठावरचा फोड बघून कुणाच्याही कॅरेक्टरचं सर्टिफिकेट फाडायची गरज नाही.

एकदा आत शिरलेला हा विषाणू बाहेर जात नाही. कवटीच्या आत, कानाच्या जरा पुढे, चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसेची एक गाठ असते. तिथे तो झोपून राहतो. ताप, सर्दी, अपुरी झोप, टेन्शन, मासिक पाळी, दातांचं मोठं काम आणि कडक ऊन ही त्याला जागं करणारी मंडळी. जागा झाला की त्याच नसेवरून उतरून ओठावर हजर! वर्षअखेरच्या क्लोजिंगला निम्म्या अकाउंट्स डिपार्टमेंटचे ओठ का फुटतात, ते कळलं ना?

उन्हाचा हा प्रताप मी पाहिला दोन वर्षांपूर्वी, येरमाळ्यात. सोलापूर-धुळे हायवेवरचं हे धाराशिव जिल्ह्यातलं गाव म्हणजे माझ्या वहिनीचं माहेर. चैत्र पौर्णिमेला इथे येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी भाविक चुन्याचे खडे वेचतात, देवीची पालखी आमराईत जाते. वहिनी तिथेच बाळंत झाली होती आणि बारसं नेमकं यात्रेच्या आठवड्यात आलं. मला सोयर, म्हणून देवळात गेले नाही. पण भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं राहून गर्दी बघायला कोण अडवणार? तिसऱ्या दिवशी ओठावर घोस.

घरात लगेच पॅनेल डिस्कशन. एक काकू म्हणाल्या, ‘देवीचं काहीतरी राहिलं असंल.’ दुसऱ्या पानातला चुना घेऊन आल्या. वहिनीची आजी शांतपणे म्हणाली, ‘काई नाई, उन्हानं उतलाय ओठ. हात लावू नगंस.’ आजीला विषाणू ठाऊक नव्हता, पण तिचं दोन्ही बाबतीत बरोबर होतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ओठाच्या त्वचेची प्रतिकारशक्ती तात्पुरती मंदावते आणि झोपलेल्याला संधी मिळते. फोड हाताळले की तो बोटांवरून पुढे जातो. चुन्याने मात्र त्वचा भाजते. त्या काकूंना मी हात जोडले.

खरा प्रश्न वेगळाच होता. उद्या बारसं, आणि आत्या मी. बाळाच्या कानाला तोंड लावून ‘कुर्रर्र’ करायचं आणि नाव सांगायचं, हा माझा हक्क. बाळ होतं बारा दिवसांचं. बार्शीच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, ‘फोडांवर पक्की खपली धरून ती पडेपर्यंत बाळापासून लांब. पापी तर नाहीच नाही.’ मोठ्या माणसाच्या ओठावरचा हा किरकोळ पाहुणा नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचू शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर बाळ दगावू शकतं. पहिले चार-सहा आठवडे सगळ्यांत नाजूक. त्या काळात बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, ताप आला किंवा अंगावर फोड दिसले, तर घरगुती उपाय करत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं. औषधाचं इंजेक्शन जितकं लवकर, तितकं चांगलं.

वहिनीच्या आईंचा चेहरा पडला. ‘ताई, आत्यानंच नाव ठेवलं नाही तर लोक काय म्हणतील?’ लोक काय म्हणतील ते म्हणोत. मी मास्क लावून दारात उभी राहिले, माझ्या चुलत बहिणीने पाळण्याजवळ जाऊन कानात कुर्रर्र केलं, आणि मी तिथूनच मोठ्याने नाव जाहीर केलं. पाठीत धपाटे मात्र सगळे मलाच मिळाले!

आता उपचाराचं. एखादाच फोड असेल आणि घाई नसेल, तर काहीही न करता सात-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत तो बरा होतो. बर्फ कापडात गुंडाळून शेकायचा, साधी पेट्रोलियम जेली लावायची, दुखलं तर पॅरासिटामॉल. खपली खरवडायची नाही. विषाणूवरचं औषध म्हणजे असायक्लोव्हिर आणि त्याची नातलग गोळी व्हॅलासायक्लोव्हिर. असायक्लोव्हिर शोधलं गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. एलियनबाईंना १९८८ साली नोबेल मिळालं. या औषधाची हुशारी अशी, की विषाणू शिरलेल्या पेशीतच ते कामाला लागतं, बाकीच्यांना फारसं छेडत नाही. पण ते झोपलेल्या विषाणूला हुसकावू शकत नाही. मलमाने दुखणं अर्धा-एक दिवसच कमी होतं, तेही चुरचुर सुरू होताच लावलं तर. गोळीचा गुण जास्त, पण वेळेची अट तीच. फोड फुटल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. म्हणून वारंवार त्रास होत असेल, तर डॉक्टरांना आधीच भेटून चिठ्ठी घरात ठेवलेली बरी. वर्षातून सहा-सहा वेळा होत असेल, तर रोजच्या गोळीचा पर्यायही ते सुचवू शकतात.

मेडिकलवाल्याला ‘भैया, फोडावर काहीतरी द्या’ एवढंच म्हणू नका. हातात पडते ती बरेचदा ‘मिक्स क्रीम’, म्हणजे स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक यांची मिसळ. स्टिरॉइडने लाली उतरते, तुम्ही खूश होता, आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. अशी चौदा स्टिरॉइड मलमं २०१८ साली केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत टाकली, ते उगाच नाही.

काही वेळा मात्र वाट बघायचीच नाही. डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर, कारण बुबुळावर हर्पिस झाला तर दृष्टीवर बेतू शकतं. एक्झिमा असेल, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, किंवा दोन आठवड्यांतही बरं वाटलं नाही, तरीही डॉक्टरच.

आणि फोड असताना थोडी शिस्त. ऑफिसची पाण्याची बाटली तोंड लावून फिरवू नका. लिपस्टिक, रेझर, टॉवेल आपला आपल्यापाशी. चुंबन आणि ओरल सेक्स दोन्हीला सुट्टी, कारण हाच टाइप १ जननेंद्रियावरही वस्ती करू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालण्याआधी हात साबणाने धुवा. ज्यांचा फोड उन्हाने उठतो, त्यांनी ट्रेकला, बीचवर किंवा जत्रेला जाताना एसपीएफ ३० चा लिप बाम खिशात ठेवावा.

एक शेवटचं, लग्न ठरलेल्यांसाठी. हल्ली ‘फुल बॉडी चेकअप’च्या रिपोर्टमध्ये ‘हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह’ अशी ओळ येते आणि दोन घरांत रडारड सुरू होते. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की हा विषाणू कधीतरी शरीरात आला होता. केव्हा आला, कुणाकडून आला, कुठे आला, यातलं ती काही सांगत नाही. तुमच्या भावी सासूबाईंची तपासणी केली, तर बहुधा त्यांच्याही रिपोर्टमध्ये तीच ओळ निघेल. तेव्हा पुढच्या वेळी ओठ चुरचुरला की पाल, उष्णता आणि देवीचा कोप बाजूला ठेवा, आणि घड्याळाकडे बघा. औषध घ्यायचं असेल तर वेळ तीच. आणि घरात तान्हं बाळ असेल, तर त्याच क्षणापासून लांब राहा.