चाळीस टक्के सवलतीचं टायर
माझ्या भाचीला सायकल मानव विकास कार्यक्रमातून मिळाली. आरमोरीच्या शाळेत ती तिच्यावरच जाते. मागचं टायर फाटलं, म्हणून मी ऑनलाइन मागवलं. '४० टक्के सूट, सर्व २६ इंची सायकलींना चालेल' असं ठळक लिहिलं होतं. आठ दिवसांनी आलं आणि रिमवर चढेना. मिस्त्री चाचा हसले, "बेटा, छब्बीस भी दो तरह का होता है." खरंच. २६ × १ ३/८ टायरचा आतला व्यास ५९० मिलिमीटर, २६ × १.९५ चा ५५९.

परत करायला गेलो, तर ॲप म्हणे तुमच्या पिनकोडवर पिकअप नाही. माल आणताना आमचा पिनकोड चालतो, परत नेताना जंगल आडवं येतं! स्वतः कुरिअर करावं, तर सूट त्यातच संपते. साडेतीनशे रुपयांसाठी कोण भांडणार? याआधी दोनदा मीही 'जाऊ दे' म्हटलं होतं.

दोस्तांनो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, ते जोडून मी तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. टायर चाचांकडूनच घेतलं, पन्नास रुपये जास्त देऊन. भाची सोमवारपासून पुन्हा शाळेत जाते.