अपमानाचे दोन तराजू



नभोवाणीवर उच्चारलेला शब्द एकाच क्षणी लक्षावधी घरांत शिरतो. म्हणून तेथे बोलणाऱ्याने जिभेला लगाम घालावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. परंतु ४ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील डॉन आयमस या प्रख्यात निवेदकाने रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाविषयी, वंश व स्त्रीत्व या दोहोंची विटंबना करणारे उद्गार हसत हसत काढले. आदल्याच दिवशी त्या मुली राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळल्या होत्या. दहांपैकी आठजणी कृष्णवर्णीय होत्या.

प्रारंभी त्याला शिक्षा झाली ती अवघी दोन आठवड्यांच्या निलंबनाची. पुढे जाहिरातदार एकामागून एक अंग काढून घेऊ लागले, तेव्हा कोठे एमएसएनबीसी आणि सीबीएस या संस्थांनी त्याला दूर केले. त्याच वर्षी डिसेंबरात तो दुसऱ्या केंद्रावरून पुन्हा बोलू लागला. अपमान तर पहिल्या दिवशीही तेवढाच होता! मग न्याय जागा होण्यास थैली हलावी का लागली?

त्याचे कैवारी म्हणाले, "कृष्णवर्णीय गायकही गाण्यांत हेच शब्द वापरतात." परंतु ती गाणी या मुलींनी रचली नव्हती. शिवाय त्याच समाजातील अनेकांनी त्या गाण्यांचाही निषेध केला होता. एकाच्या दोषाने दुसऱ्याचा दोष धुऊन निघत नाही.

वाचकहो, हा प्रकार आपल्यास परका आहे काय? गोऱ्याने काळ्यास हिणवले की येथील सुशिक्षित संतापतो; आणि तोच गृहस्थ जातीचे नाव शिवीसारखे वापरून वर म्हणतो, "थट्टा केली, मनावर घेऊ नका!" अनुसूचित जातीच्या माणसास लोकांसमक्ष जातीच्या नावाने शिवी देणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि १९९० पासून अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्या बौद्धांनाही त्या जातींत गणले जाते. तेव्हा अपमान निमूट गिळू नका. वेळ, स्थळ, शब्द आणि साक्षीदार यांची नोंद ठेवा व लेखी तक्रार करा.

मात्र जो तराजू आपण जगापुढे धरतो, तोच आपल्या घरातही असला पाहिजे. आपल्या ओसरीवर दुसऱ्या एखाद्या जातीचे नाव शिवी म्हणून उच्चारले जात असेल, तर सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची आपली प्रतिज्ञा कोठे राहिली? सम्यक वाचेत कठोर वचनाचा त्याग सांगितला आहे. रटगर्सच्या त्या मुलींनी शिवीला शिवीने उत्तर दिले नाही. पत्रकारांसमोर उभे राहून आपण कोण आहोत हे धीराने सांगितले, आणि त्याने समक्ष मागितलेली क्षमा स्वीकारली. स्वाभिमान आणि संयम एकत्र नांदू शकतात, हे आपल्या मुलाबाळांना आजपासून शिकवा.

जय भीम!