नदीकाठ पाहायचा म्हणजे काय?

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसास्थळ म्हणून नोंद झाली आणि त्यांत आपल्या बागलाणातला साल्हेर आला. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये याच्याच पायथ्याशी मराठ्यांनी मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवले. सटाण्याला या नोंदीचा आनंद व्हावा यात नवल नाही. मात्र ज्या शहरात हा निर्णय झाला ते शहर स्वतः १९९१ पासून याच यादीत आहे, आणि तिथे त्याची नोंद 'पॅरिस : सेन नदीचे काठ' अशी आहे. नोत्र दाम, लूव्र, आयफेल टॉवर ही सारी नामांकित ठिकाणे त्या एका काठाच्या पोटात सामावलेली आहेत. त्या शहराने जगाला वारसा म्हणून आपला नदीकाठ दाखवला. आपण शिखर दाखवले. या फरकावर थोडे थांबून विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वर्षाच्या वर्गात मी कधीकधी 'माझ्या परिसरातील ऐतिहासिक स्थळ' या विषयावर निबंध लिहायला सांगतो. साल्हेर, मुल्हेर, मांगीतुंगी, देवळाण्याचे मंदिर, देवमामलेदारांचे मंदिर ही नावे हमखास येतात. नदीवरचा बंधारा मात्र आजवर एकाही वहीत आलेला नाही. ज्यांच्या घरची शेती पिढ्यान्‌पिढ्या त्या बंधाऱ्याच्या पाटावर पिकली, त्यांच्याही वहीत नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. 'ऐतिहासिक' म्हटले की तट, बुरूज, शिखर आणि कळस एवढेच डोळ्यांसमोर यावे, अशीच आपण त्यांची नजर घडवली आहे.

वस्तुतः बागलाणाचा इतिहास जितका डोंगरावर घडला तितकाच नदीकाठी घडला. मुल्हेरच्या बागुल राजांच्या दरबारात १५९६ मध्ये रुद्रकवीने 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' रचले. राजाने कवी पोसायचा तर आधी मुलूख पिकावा लागतो, आणि हा मुलूख पिकला तो मोसम, आरम, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत. याच खोऱ्यांत आणि शेजारच्या पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चालत आलेली फडपद्धत ही आपल्या इतिहासातली एक असामान्य गोष्ट आहे. नदीत बुटका दगडी बंधारा घालायचा. पुराचे पाणी त्याच्या माथ्यावरून निघून जाते आणि एरवीचे पाणी अडून पाटात वळते. पाटातून चाऱ्या निघतात. भिजणारी सारी जमीन काही फडांत विभागलेली असते आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकाच प्रकारचे पीक घ्यायचे असते. यंदा एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी पीक. पुढे ही पाळी बदलत जाते. शक्यतो प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असावी, म्हणजे कोणाच्याच वाट्याला केवळ तोटा येऊ नये, ही त्यामागची दृष्टी. पाणी सोडायचे ते पाटकऱ्याने, शेतकऱ्याने स्वतः नाही. पिकावर नजर ठेवायला जागल्या आणि तंटा मिटवायला पंच. दरवर्षी पाटातला गाळ काढायचा तो सगळ्यांनी मिळून.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना भान सुटता कामा नये. फडाचा न्याय जमीनधारकांपुरता होता. ज्याला जमीन नव्हती त्याच्या वाट्याला राखण आणि मजुरी आली. पाण्यावरचा हक्क आला नाही. तरीही एका लहान, हंगामी नदीचे पाणी तंट्याशिवाय वाटून घेण्याचे हे शास्त्र कोणत्याही तटबंदीइतकेच बुद्धीचे काम होते. किल्ल्याने शत्रूला अडवले, बंधाऱ्याने पाण्याला. पहिल्याचे आपण स्मारक केले आणि दुसऱ्याकडे जुने बांधकाम म्हणून पाठ फिरवली. विहिरी, विजेचे पंप, केळझर आणि हरणबारीची धरणे आली. कांदा, द्राक्ष, डाळिंब आले. त्यातून समृद्धीही आली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पाणी प्रत्येकाचे स्वतंत्र झाले तसतशी नदी कोणाचीच उरली नाही. गाळ काढायला जो गाव एकत्र येत असे, तो नदीकडे आता पुलावरून पाहतो.

यावर एक आक्षेप लगेच घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. सेन कुठे नि आरम कुठे? एक बारमाही, नौका चालणारी. दुसरी पावसाळा सरला की वाळूत हरवणारी. 'अपूर्वाई'पासून आजच्या सहलकंपन्यांच्या जाहिरातींपर्यंत आपण ज्या पॅरिसवर लुब्ध झालो, त्या शहराच्या गळ्यात आरमेची तुलना बांधणे हास्यास्पद नाही का? सौंदर्याची तुलना निश्चितच हास्यास्पद ठरेल. पण सेनचा काठही आयता मिळालेला नाही. १९६७ मध्ये त्याच शहराने उजव्या काठावर वेगवान मोटाररस्ता काढला आणि जवळजवळ अर्धे शतक तिथे पाण्याशेजारून मोटारी धावत होत्या. २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागातला तो रस्ता मोटारींना बंद करून काठ पायी चालणाऱ्यांना परत दिला गेला. १९२३ पासून सेनमध्ये पोहण्यास बंदी होती, सुमारे १.४ अब्ज युरो खर्चून पाणी सुधारल्यावर लोकांना पुन्हा नदीत उतरता आले, तेही साल्हेरची नोंद झाली त्याच जुलै २०२५ मध्ये. २०२४ च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी काठावरच्या जुन्या पुस्तकविक्रेत्यांच्या हिरव्या पेट्या हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा एवढा विरोध झाला की अखेर राष्ट्राध्यक्षांनीच तो बेत रद्द केला. आपण तिथे जाऊन जे 'पाहतो' ते या भांडणांचे फळ असते. काठ सुंदर आहे म्हणून लोक त्याच्यासाठी भांडले, हे अर्धेच खरे. लोक भांडले म्हणून तो सुंदर राहिला, हे उरलेले अर्धे.

आता साल्हेरकडे येणाऱ्यांची संख्या वाढेल. सटाणा, ताहराबाद, मुल्हेर या वाटेने गाड्या धावतील, हॉटेले निघतील, आणि मागोमाग 'नदीकाठ सुशोभीकरणा'चे प्रस्तावही येतील. मला भीती वाटते ती त्याच शब्दाची. नाशिकला गोदावरीच्या पात्रात ओतलेले काँक्रीट काढून टाकावे म्हणून नागरिकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. नदीला घाट हवा की फरशी हवी, हे नदीला ओळखणाऱ्यांना विचारून ठरायला हवे. आपली नदी आठ महिने कोरडी दिसते, म्हणून तिच्यात पाणी दाखवण्याचा खटाटोप करण्याची गरज नाही. तिचे कोरडेपणही वाचता आले पाहिजे. तो बंधारा कशासाठी इतका बुटका, पाट कोणत्या उतारावरून काढला, चारी कुठे फुटते, हे सांगणारा एक साधा फलक आणि सांगू शकणारा एक म्हातारा पाटकरी, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

सटाण्याला तर हे समजायला दूर जायची गरज नाही. आरमेच्या काठी ज्यांचे मंदिर आहे ते यशवंतराव महाराज कोणी राजे नव्हते, योद्धे नव्हते; इंग्रजी अमलातले मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी रयतेसाठी उघडला, असे लोक सांगतात, आणि लोकांनी त्यांना देव केले. मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांची यात्रा भरते. म्हणजे पाणी नसलेल्या वर्षी माणसे जगवणाऱ्याला या गावाने कळस बांधला. मग पाणी वाटून माणसे जगवणाऱ्या बंधाऱ्याला निदान नजर तरी द्यायला काय हरकत आहे?

पुढच्या वर्षीच्या निबंधाचा विषय मी थोडा बदलणार आहे. 'माझ्या परिसरातील ऐतिहासिक स्थळ' हेच शब्द राहतील; फक्त फळ्यावर खाली एक ओळ लिहीन : स्थळ नदीकाठचे असावे, आणि लिहिण्यापूर्वी तिथे स्वतः जाऊन यावे.