सुरकुत्यांची सुई, अर्धशिशीचं औषध

बोटॉक्स म्हटलं की मीरा रोड-भाईंदरच्या माणसाला आठवतं ते त्वचा-केसांचं क्लिनिक. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ अर्धशिशीसाठी हेच इंजेक्शन सुचवतात तेव्हा घरचे दचकतात. हे औषध मुळात सौंदर्यासाठी आलेलंच नाही. अमेरिकेत 1989 साली त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. सुरकुत्यांचा नंबर 2002 मध्ये लागला, आणि जुनाट अर्धशिशीसाठी 2010 मध्ये ब्रिटन व अमेरिका दोघांनीही ते मान्य केलं. माझं म्हणणं एवढंच, की ही सुई योग्य रुग्णाला नाकारू नये आणि अयोग्य रुग्णाला विकू नये. आणि योग्य कोण, हे दिवस मोजल्याशिवाय ठरत नाही.

जुनाट अर्धशिशीची व्याख्याच दिवसांवर आहे: तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला किमान 15 दिवस डोकेदुखी, त्यातले किमान 8 दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे. महिन्यातून दोन-तीनदा डोकं उठणाऱ्याला या इंजेक्शनाचा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. ज्याला लागू पडतं त्याला कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांद्यांत 31 ठिकाणी मिळून 155 युनिट दिली जातात, दर 12 आठवड्यांनी. स्नायू सैल पडल्यानं आराम मिळतो, हा जुना समज. आज मानलं जातं ते असं, की वेदना वाहणाऱ्या नसांच्या टोकांतून सीजीआरपीसारखी वेदनेचा निरोप देणारी द्रव्यं बाहेर पडणंच या औषधानं कमी होतं. टोचण्याच्या या जागा चेहरा तजेलदार करण्याच्या जागांपेक्षा बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. म्हणून हे काम डोकेदुखी ओळखणाऱ्या आणि ही पद्धत शिकलेल्या डॉक्टरचंच.

आक्षेप घेणारे विचारतात, फायदा खरा की मनाचा? प्रश्न रास्त आहे. ‘प्रीएम्प्ट’ या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून 1384 रुग्ण होते. 24 आठवड्यांनी औषध मिळालेल्यांचे डोकेदुखीचे दिवस महिन्याला सरासरी 8.4 नी घटले आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांचेही 6.6 नी. फरक दोन दिवसांहून कमी, आणि तो लपवू नये. पण सरासरीच्या आड माणसं असतात: दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेले रुग्ण औषधाच्या गटात सुमारे 47 टक्के होते, दुसऱ्या गटात 35. गोळ्या थकल्यावर उरलेल्या माणसाला ही संधी क्षुल्लक नाही. हे औषध मुळात एक विष आहे हे खरं, पण ‘विष टोचायचं का?’ या भीतीला उत्तर मात्रेत आहे. मानदुखी किंवा पापणी उतरणं हे त्रास होतात, बहुधा तात्पुरते. खर्चाचा आक्षेप सर्वांत वजनदार. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं 2012 मध्ये घातलेली शिस्त मला पटते: आधी तीन प्रतिबंधक औषधं वापरून पाहायची, आणि दोन फेऱ्यांत दिवस 30 टक्क्यांनीही घटले नाहीत तर सुई थांबवायची. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन ही स्वस्त औषधं पुरेशा मात्रेत न देता थेट सुईकडे वळवणं ही रुग्णाची लूट आहे.

आपल्याकडे मात्र पहिलीच पायरी चुकते. ‘पित्त झालंय’ म्हणायचं, बाम चोळायचा, मेडिकलमधून गोळी आणायची आणि चर्चगेटची लोकल पकडायची. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 दिवस किंवा संयुक्त गोळ्या 10 दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. ‘प्रीएम्प्ट’मधले जवळपास दोन तृतीयांश रुग्ण याच फेऱ्यात होते. शासनानं भाईंदरच्या टेंभा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस डोकेदुखीच्या ओपीडीसाठी राखावा आणि गरजूंना ही सुई सार्वजनिक रुग्णालयांत परवडेल अशी द्यावी. तुम्ही मात्र त्यासाठी थांबू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच डोकं दुखलेल्या दिवशी फुली मारा, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल करा, आणि तीन महिन्यांची ती पानं घेऊन डॉक्टरांकडे जा.